दुखरा खुबा घेऊन नव्या शहरात जायचं ठरवताना

भूशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मनसरजवळ फील्डवर्कला गेलो असताना मी एका उतारावरून घसरले. डावा पाय दगडात अडकला आणि अंग उजवीकडे फिरलं. त्या दिवशी नुसती चमक भरल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांनी मात्र मोजा घालायला वाकता येईना. एमआरआयमध्ये डाव्या खुब्याच्या लेब्रमला, म्हणजे सांध्याच्या वाटीच्या कडेने असलेल्या कूर्चेच्या गादीला, चीर दिसली. मांडीच्या हाडाच्या गोळ्याखाली थोडं जास्तीचं हाडही होतं. ते आधीपासूनच असणार, असं डॉक्टर म्हणाले.

निकाल लागला तेव्हा समोर तीन वाटा होत्या: पुण्यातल्या एका कंपनीत संगणकावर नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं काम, हैदराबादला एका संशोधन प्रकल्पात वर्षभराची जागा, किंवा नागपुरातच काहीतरी शोधणं. बाबा पगार बघ म्हणत होते. आत्या म्हणाली, "पुण्यात निदान आपली माणसं तरी आहेत." खुब्याबद्दल कोणीच काही बोललं नाही, आणि सुरुवातीला मीही त्याचा विचार केला नाही. चार महिने चाचपडून शिकलेलं इथे क्रमाने लिहिते आहे. तुमचं शिक्षण संपत आलं असेल, खुबा दुखत असेल आणि बॅग भरायची वेळ आली असेल, तर हे उपयोगी पडेल. उपचार मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलेच करा.

पहिलं काम: दुखणं नेमकं कुठलं?

आपल्याकडे "कंबर दुखते" या दोन शब्दांत मणका, खुबा, मांडी सगळं येतं. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा पुढच्या बाजूला, जांघेत जाणवतं. मागे कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरणारी कळ बऱ्याचदा मणक्याची असते. मी पहिले तीन आठवडे कंबरेला मलम चोळण्यात घालवले, कारण मी स्वतःच दुकानदाराला "कंबर" असं सांगितलं होतं.

दुखण्याचं नाव कळल्याशिवाय शहर ठरवू नका, कारण नावाप्रमाणे सगळं वेळापत्रक बदलतं. लेब्रमची चीर किंवा स्नायूंचं दुखणं असेल तर व्यायाम चालू ठेवून दुसऱ्या गावी राहता येतं. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा असेल (धावणाऱ्यांमध्ये आणि अचानक व्यायाम वाढवणाऱ्यांमध्ये हे होतं), तर काही आठवडे त्या पायावर भारच द्यायचा नसतो. तेव्हा सामान हलवण्याचा विषय काढू नका. एव्हीएन, म्हणजे हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होणं, हे आपल्याकडे तरुणांमध्येही दिसतं. स्टेरॉइडची औषधं आणि दारू ही त्याची मोठी कारणं आहेत. त्यात पुन्हा पुन्हा तपासणी लागते, म्हणून खुब्याचं काम करणारे सर्जन जवळ नसलेलं गाव आधीच यादीतून काढावं लागतं.

डॉक्टरांना "मी जाऊ का?" असं विचारलं की "जा, काळजी घ्या" एवढंच उत्तर मिळतं. मला तसंच मिळालं. दुसऱ्या खेपेला मी कागदावर लिहून नेलं: दुखऱ्या पायावर पूर्ण भार द्यायचा का, आणि किती वेळ? कुठल्या कोनापुढे वाकायचं नाही? जिने किती चालतील? फिजिओथेरपी अजून किती आठवडे, आणि पुढची तपासणी कधी? काय झालं तर लगेच दवाखाना गाठायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सांगून ठेवते. खुबेदुखीबरोबर ताप येणं, अचानक पाय टेकवता न येणं, पडल्यावर पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणं, यापैकी काहीही झालं तर थांबायचं नाही.

सगळे कागद एका फाइलमध्ये लावा: एमआरआयचा अहवाल आणि सीडी, एक्स-रे, औषधांची यादी, शस्त्रक्रिया झाली असेल तर तिच्या नोंदी, आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा लेखी तक्ता. या तक्त्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. तो नसेल तर नव्या गावातला फिजिओ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतो.

सात दिवसांची वही

आपण किती चालतो, किती बसतो, याचा आपला अंदाज साफ चुकतो. म्हणून एक आठवडा रोज रात्री पाच ओळी लिहा: किती मिनिटं सलग चालले, किती वेळ सलग बसले, किती जिने चढले-उतरले, गाडीवर किती अंतर गेले, आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती. सहावी ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायची: उठल्यावर कसं आहे?

ही सकाळची ओळ सगळ्यात महत्त्वाची. फिजिओथेरपीत साधारण असं धरतात की काम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर आलं, तर तेवढं काम सांध्याला झेपतंय. सकाळी जास्त जखडलेलं असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. माझ्या वहीतून कळलं की सपाट रस्त्यावर पंचवीस मिनिटं चालणं मला सहज जमतं, पण पन्नास मिनिटं सलग बसलं की उठताना जांघेत चावतं. आणि ट्रॅफिक पार्कजवळच्या खड्ड्यांतून मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून गेले की दुसरी सकाळ हमखास वाईट. चालणं वाईट आणि बसणं म्हणजे आराम, असं मी समजत होते. ते नेमकं उलट निघालं.

याचं कारण आहे. हाडाचे कोपरे एकमेकांना घासणाऱ्या खुब्यात, गुडघा पोटाकडे येईल तितकं आणि पाय आत वळेल तितकं ते घासणं वाढतं. खोल सोफा, बुटकी खुर्ची, रिक्षाची बैठक, या सगळ्यांत गुडघे खुब्याच्या वर जातात. बसताना गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. खुर्ची उंच करता येत नसेल तर उशी घ्या.

कामाची चौकशी

ऑफर हातात आली की त्या कामाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. आमच्या विषयात हे विशेष लागतं. नागपूर हे खाणींच्या कार्यालयांचं गाव आहे. भारतीय खाण ब्यूरो, वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल यांची मुख्यालयं इथेच आहेत. त्यामुळे आमच्या वर्गात "नोकरी" म्हटलं की खाण किंवा फील्ड हेच डोळ्यांसमोर येतं. मला खाणीत उतरणं, दिवसभर उघड्यावर दगड फोडत फिरणं निदान वर्षभर तरी शक्य नव्हतं. हे मान्य करायला मला फार जड गेलं. बुटं आणि हातोडा बघून मी दोनदा रडले आहे. पण फील्ड सुटलं म्हणजे भूशास्त्र सुटलं असं नाही. दूरसंवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास), भूजलाची आकडेमोड, नकाशे, प्रयोगशाळेतलं खनिजांचं काम, हे सगळं टेबलाशी होतं. तुमच्या विषयातही असा कोपरा असेलच, तो शोधा.

मुलाखतीत खुब्याबद्दल सांगायचं का, हे मला खूप जणांनी विचारलं. माझं मत: मुलाखतीत सांगण्याची गरज नाही, ऑफर आल्यावर आणि रुजू होण्याआधी जरूर सांगा. "मला त्रास आहे" एवढ्यावर थांबू नका, काय हवंय ते मागा: उंची कमी-जास्त होणारी खुर्ची, तासाला पाच मिनिटं उठायची मुभा, आठवड्यात दोनदा फिजिओसाठी लवकर निघणं, पहिले सहा महिने फील्ड नाही. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागायलाही लाजू नका. मी सहा आठवडे मागितले आणि एका मेलमध्ये मिळाले.

दारापासून टेबलापर्यंत

आता शहर. "पुणे चांगलं की हैदराबाद?" या प्रश्नाला खुब्याच्या दृष्टीने उत्तर नाही. तुमचा खुबा पुण्यात राहणार नाही, तो पुण्यातल्या एका खोलीत, एका जिन्यावर, एका रस्त्यावर आणि एका खुर्चीत राहणार आहे. म्हणून प्रत्येक पर्यायासाठी घराच्या दारापासून कामाच्या टेबलापर्यंतचा रस्ता तुकड्या-तुकड्याने लिहून काढा: किती पावलं, किती पायऱ्या, किती वेळ उभं, किती वेळ बसून, किती धक्के.

मुंबईत नोकरी मिळत असेल तर लोकलचा हिशेब मनाशी पक्का करा. पादचारी पूल, गर्दीत उभं राहणं, फलाट आणि डब्यामधली फट, आणि उतरताना मागून येणारा रेटा. कामाच्या ठिकाणाजवळच खोली परवडत असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय पावसाळ्याचे चार महिने ओल्या फरशा असतात. घसरून पडणं हा दुखऱ्या खुब्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पुण्यात पाऊस कमी, पण बाणेर-बावधनकडे चढ-उतार आहेत, आणि बहुतेकांचं आयुष्य दुचाकीवर चालतं. बंगळुरूही चढ-उताराचं. हैदराबादेत बंजारा हिल्स, जुबिली हिल्स या नावांतच सगळं आलं, पण उप्पल-हब्सिगुडाची बाजू त्या मानाने सपाट आहे. तिथे नागोल ते रायदुर्ग ही मेट्रोची निळी मार्गिका जाते, आणि एनजीआरआय या भूभौतिक संस्थेच्या नावाचं स्टेशनच तिच्यावर आहे. माझ्या वहीत हैदराबादचा रस्ता असा उतरला: लिफ्ट, सपाट सात मिनिटं, मेट्रोची लिफ्ट, दोन स्टेशनं, पुन्हा लिफ्ट, सहा मिनिटं. पुण्याचा असा: दोन मजले जिना, स्कूटी पंचेचाळीस मिनिटं, खड्डे. पगार पुण्याचा जास्त होता.

नागपुरात थांबणं हाही खरा पर्याय आहे, हार नाही. सेमिनरी हिल्ससारखे चढ सोडले तर गाव सपाट आहे, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशा मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात, स्टेशनांना लिफ्ट आहेत. मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, आणि आई आहे. तुमची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा व्हायची असेल तर मी स्पष्टच सांगते: पहिले तीन-चार महिने इथेच काढा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा चालण्याचा व्यायाम पहाटे सहाच्या आत उरकावा लागतो, एवढीच काय ती अडचण.

आठ दिवस राहून बघा

या सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. पक्कं ठरवण्याआधी त्या गावी आठ दिवस राहून या. हॉटेल नको. ज्या भागात खोली घ्यायची आहे तिथेच मैत्रिणीकडे, ओळखीच्यांकडे किंवा एखाद्या पीजीत दिवसाच्या भाड्याने राहा. आणि पर्यटन करू नका. सकाळी कामाच्या वेळेला निघा, कार्यालयाच्या फाटकापर्यंत जा, जवळच्या वाचनालयात किंवा कॅफेत कामाचे तास बसा, संध्याकाळच्या गर्दीत परत या. भाजी आणा. कपडे धुवा. रात्री वही लिहा.

पहिल्या दोन दिवसांवरून काही ठरवू नका, प्रवासाचा शीण असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या सकाळी खरं सांगतात. हैदराबादेत चौथ्या सकाळी मी उठले आणि पाय खाली टेकवून सरळ न्हाणीघरात गेले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की भिंतीचा आधार घेतलाच नाही. पुण्यात, बहिणीच्या सासरी सगळ्यांनी मला अगदी फुलासारखं जपलं, तरी पाचव्या सकाळी मला पलंगावरून उठायला दहा मिनिटं लागली. आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपली माणसं लागतातच. पण ती माणसं मला रोज पंचेचाळीस मिनिटं खड्ड्यांतून नेऊ शकत नव्हती.

आठ दिवस शक्यच नसतील तर निदान तीन कामाचे दिवस काढा. शनिवार-रविवार धरून जाऊ नका, त्या दिवशी रस्ते खोटं बोलतात.

खोली बघताना

लिफ्ट आहे का, हे विचारून पुरत नाही. एका ठिकाणी मालकांनी फोनवर "लिफ्ट आहे" म्हटलं होतं. जाऊन बघितलं तर ती दुपारी आणि रात्री दहानंतर कुलूपबंद. म्हणून विचारा: वीज गेली तर लिफ्ट चालते का, रात्री चालते का, आणि लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या आहेत? जुन्या इमारतींत लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते, तेवढ्या सात-आठ पायऱ्या रोजच्या असतात. लिफ्ट नसेल तर तळमजलाच बघा.

संडास कमोडचा हवा. उकिडवं बसणं म्हणजे खुबा पूर्ण वाकवणं. बाकी सगळं आवडलं आणि संडास भारतीय पद्धतीचा असेल, तर वर ठेवायची कमोड-खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते. मात्र दोन-तीन मुलींमध्ये एकच संडास असेल तर तिचीही रोजची कटकट होते. न्हाणीघरात पाणी साचतं का ते बघा, आणि रबरी चटई स्वतः घ्या.

पलंग हवाच. जमिनीवरच्या गादीवरून उठताना सांध्याला सगळ्यात जास्त त्रास होतो. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवली की वरचा पाय आत पडत नाही. मांडी घालून जेवणं, पूजेला बसणं, वाढताना वाकणं, हे काही महिने बाजूला ठेवा. पहिल्या महालक्ष्म्यांना मी खुर्चीवर बसून जेवले तेव्हा आजीला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी तिनेच माझ्यासाठी खुर्ची काढून ठेवली.

डॉक्टर आणि विमा

निघण्याआधीच नव्या गावातल्या फिजिओची पहिली वेळ ठरवून ठेवा, पोहोचल्यापासून दहा दिवसांच्या आतली. खोलीपासून वीस मिनिटांच्या पुढचा फिजिओ कितीही नावाजलेला असला तरी तिसऱ्या आठवड्यात जाणं सुटतं. सर्जन दूर असला तरी चालेल, त्याच्याकडे वर्षातून दोनदा जायचंय.

विम्यात दुखणं लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे, त्याआधी ४८ महिने होते. म्हणजे स्वतःची पॉलिसी आज घेतली तरी खुब्याचा खर्च लगेच मिळेलच असं नाही. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यात बहुधा अशी वाट बघावी लागत नाही, म्हणून ऑफरमध्ये पगाराच्या आकड्याइतकंच हे विचारा: सामूहिक विमा आहे का, पहिल्या दिवसापासून आहे का, आधीचे आजार धरतात का? प्रकल्पाच्या जागांना बऱ्याचदा विमा नसतो. मी शेवटी घेतलेल्या हैदराबादच्या जागेलाही नव्हता. म्हणून मी बाबांच्या पॉलिसीत राहता येईल तेवढं राहिले आणि शिल्लक पैशांतून फिजिओचे सहा महिने बाजूला काढले.

प्रवास आणि पहिला महिना

नागपूरहून चारही दिशांना गाड्या आहेत, पण सगळ्यात वेगवान गाडी खुब्याला सगळ्यात सोयीची असेलच असं नाही. सिकंदराबादची आणि पुण्याची वंदे भारत दोन्ही बसून जायच्या गाड्या. सिकंदराबादला सात तासांच्या वर, पुण्याला जवळपास बारा तास. मी रात्रीची गाडी घेते, खालच्या बर्थची, आणि दर दीड तासाने उठून डब्यात एक फेरी मारते. बसमधून जात असाल तर वरचा स्लीपर टाळा. सामान आधी पार्सलने पाठवा. हातात एकच पिशवी ठेवा, आणि ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरा. काठी वापरत असाल तर ती मात्र चांगल्या बाजूच्या हातात. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, कारण बाजूचे स्नायू कंबर सावरायला जोर लावतात. विरुद्ध हातातली काठी तो जोर कमी करते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

पहिल्या महिन्यात नवीन काही सुरू करू नका. जिम नको, गडावर जाणं नको, ऑफिसातल्या बॅडमिंटनला "पुढच्या महिन्यात" म्हणा. नवी जागा, नवे रस्ते, नवी खुर्ची एवढं सांध्याला पुरेसं असतं. व्यायाम तेच, नागपूरला करत होता तेवढेच. वही चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवस लिहा आणि पहिल्या वहीशेजारी ठेवून बघा. सलग चालण्याची मिनिटं तेवढीच किंवा जास्त असतील आणि सकाळचा आकडा वर गेला नसेल, तर भाडेकरार पुढे वाढवा. सकाळ बिघडत असेल तर आधी खुर्ची बदला, मग येण्याजाण्याचा रस्ता, मग खोली. शहर बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही नागपूरच्या डॉक्टरांना दोन्ही वह्या दाखवल्यावर.